ट्रॅक्टरचा टेप ते डीजेची भिंत: आवाज ‘मोठा’ करताना नेमकं काय गमवावं लागतं?

जालना जिल्ह्यातलं कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी या भागात आलं आणि मागोमाग ऊस आला. त्यामुळे गळीत हंगाम सुरू झाला की अंकुशनगर आणि तीर्थपुरीच्या कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर इथल्या रस्त्यांवर दिसतात. दिसण्याआधी ते ऐकू येतात. मागे दोन ट्रॉल्या, टपावर किंवा मडगार्डवर स्पीकरचे डबे, आणि अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येणारं गाणं.

लग्नसराईत आणि गणपतीत हीच हौस दुसऱ्या रूपात येते. टेम्पो किंवा ट्रकवर लोखंडी सांगाडा, त्यावर रचलेले बेसचे डबे, मागे जनरेटर. दोन मंडळांच्या गाड्या समोरासमोर आल्या की कोणाचा बेस जास्त ‘दणका’ देतो, याची चुरस लागते. त्याचे रील्स दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळीकडे पोहोचलेले असतात.

याच हौसेचं तिसरं रूप अमेरिकेत आणि युरोपात आहे. तिथे कारमधल्या आवाजाच्या रीतसर स्पर्धा होतात. मोजणी मीटरवर होते आणि निकाल दशांश डेसिबलमध्ये लागतो.

तिन्ही ठिकाणी उद्देश एकच, आवाज मोठा करणं. पण तिन्ही ठिकाणची यंत्रणा एकमेकींपासून अगदी वेगळी असते. कारण मोठ्या आवाजाची किंमत प्रत्येक ठिकाणी वेगळ्या गोष्टीतून चुकवावी लागते. ती कशातून चुकवली जाते हे समजलं, की डीजेचा वाद दरवर्षी त्याच जागी का अडकतो तेही बऱ्याच अंशी कळतं.

तीनपैकी दोनच मिळतं

स्पीकर बनवणाऱ्यांच्या दुनियेत एक जुना नियम आहे. अमेरिकन अभियंता जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. नियम असा: खोल बेस, लहान डबा आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीनपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरी सोडावी लागते.

स्पीकरचा पडदा, म्हणजे कोन, हवा पुढेमागे ढकलतो. स्वर जितका खोल, तितकी जास्त हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्झचा स्वर ज्या जोरात वाजतोय त्याच जोरात ४० हर्ट्झचा वाजवायचा असेल, तर कोनला चौपट हालावं लागतं. आता कोनला तरी किती हालवणार? मग एक तर कोन मोठा घ्यायचा, नाही तर स्पीकरची संख्या वाढवायची.

डबा लहान असेल तर आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि कोनला अडवते. त्यावर उपाय म्हणून कार-ऑडिओतले सबवूफर जड कोनचे आणि लांब कॉइलचे करतात. लहान डब्यातही ते खोल जातात, पण वीज खातात. असा सबवूफर १ वॅट दिल्यावर १ मीटरवर साधारण ८५ ते ८८ डेसिबल देतो. डीजेच्या गाडीवरचा १८ इंची स्पीकर हलक्या कोनचा असतो. तो तेवढ्याच विजेत ९५ ते ९८ डेसिबल देतो.

दहा डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण तो भरून काढायचा तर दहापट वीज लागते. डेसिबलचा हिशेब असाच आहे: वीज दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे ‘हजार वॅटवरून दोन हजार वॅट केले’ या वाक्याला जितका भाव मिळतो, तितका फरक कानाला जाणवत नाही.

कॉइल का जळते?

डीजेवाल्याचा हंगामातला नेहमीचा खर्च म्हणजे कॉइल. यामागचं कारण फारसं कोणी सांगत नाही. स्पीकर हे विजेचं आवाजात रूपांतर करणारं अतिशय गळकं यंत्र आहे. साध्या डब्यातल्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी फार तर काही टक्केच आवाज बनते. उरलेली उष्णता होते. म्हणजे हजार वॅट दिले, तर साडेनऊशेच्या आसपास वॅटची शेगडी त्या चार इंची कॉइलमध्ये पेटलेली असते.

तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, दर अंश सेल्सियसला साधारण ०.४ टक्के. कॉइल २०० अंशांनी तापली तर तो जवळपास पावणेदोनपट होतो. मग तोच अँप्लिफायर तिच्यात कमी वीज ढकलू शकतो आणि आवाज आपोआप पडतो, अगदी २-३ डेसिबलपर्यंत. मिरवणूक दोन तास चालली की ‘आता बेसमध्ये दम राहिला नाही’ असं वाटतं, त्यात मन भरल्याचा भाग असेल. पण बराचसा भाग तापलेल्या तांब्याचा असतो.

नेमकं याच वेळी ऑपरेटर आवाज आणखी वाढवतो. अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे गेला की लाटेची टोकं कापली जातात. कोनच्या हालचालीला हवा मिळून कॉइल थंड होते, पण टोकं कापलेल्या लाटेत कॉइलला विश्रांतीच मिळत नाही. थोड्या वेळाने जळकट वास येतो आणि एक डबा मुका होतो.

ट्रॅक्टरवाल्याचं गणित वेगळं

ट्रॅक्टरचं इंजिन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालू होतं आणि त्याचा अल्टरनेटर साधारण ३५ ते ४५ अँपिअर देतो. म्हणजे एकूण पाचशे वॅटच्या आसपास, आणि त्यातच हेडलाइट, इंडिकेटर सगळं आलं. खोल बेसवर उधळायला इथे वीजच नाही. शिवाय केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ८५ ते ९५ डेसिबल असतो. गाणं ऐकू यायचं तर ते त्याच्या वर चढलं पाहिजे.

म्हणून ट्रॅक्टरवाला हॉफमनच्या नियमातली ‘खोल बेस’ ही गोष्ट सोडून देतो. त्याचे स्पीकर मधल्या पट्टीत कर्कश आणि कार्यक्षम असतात. कमी विजेत लांबपर्यंत जाणारा, इंजिनाला कापणारा आवाज त्याला हवा असतो. ऊस घेऊन रात्रभर जागणाऱ्या माणसाला झोप येऊ नये, हेही एक कारण असतं आणि ते खोटं नाही.

किंमत कुठे मोजली जाते? मागच्या वाहनाचा हॉर्न त्याच मधल्या पट्टीत असतो. एक आवाज दुसऱ्याला झाकतो तेव्हा जवळच्या पट्टीतला आवाज सगळ्यात आधी झाकला जातो. म्हणजे इंजिनावर मात करायला निवडलेले स्पीकर नेमका ओव्हरटेक करणाऱ्याचा हॉर्नच गिळतात. दोन ट्रॉल्या, मागे बरेचदा रिफ्लेक्टर नाही, रस्ता अरुंद, आणि चालकाला हॉर्न ऐकू येत नाही. हंगामाच्या तोंडावर पोलिस आणि आरटीओ ऊस वाहतूकदारांना मोठ्या आवाजात टेप न लावण्याची तंबी देतात ती यासाठी.

स्पर्धेची कार: गाणं वाजवू न शकणारी म्युझिक सिस्टिम

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटापासून कार-ऑडिओच्या स्पर्धा रुजल्या. पुढे त्यात ‘फक्त आवाज किती मोठा’ एवढंच मोजणारा प्रकार वेगळा झाला. डीबी ड्रॅग रेसिंग हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. अव्वल गाड्यांनी १७५ डेसिबलच्या पुढचे आकडे नोंदवले आहेत.

१८० डेसिबल म्हणजे काय? हवेच्या दाबात होणारा सुमारे २० हजार पास्कलचा चढउतार, म्हणजे वातावरणाच्या एकूण दाबाच्या एक पंचमांश. एक चौरस मीटरच्या काचेवर तो साधारण दोन टन वजनाइतका जोर देतो, आणि तोही सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुढेमागे. साधी विंडशील्ड यात टिकत नाही. म्हणून या गाड्यांना जाड काचा बसवतात, दरवाजे आतून बाहेरून आवळतात, पत्र्याच्या पोकळ्या भरतात. वरच्या गटात गाडी वाजत असताना आत कोणी बसत नाही. स्पर्धक बाहेरून रिमोटने बटण दाबतो.

आणि वाजतं काय? गाणं नाही. एकच स्वर, काही सेकंद.

इथला सौदा सगळ्यात टोकाचा आहे. बंद गाडीचा आतला पोकळ भाग स्वतःच एका ठरावीक स्वरावर घुमतो. डब्याला ठेवलेलं भोक, म्हणजे पोर्ट, नेमकं त्याच स्वराला जुळवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच आवाज येतो, तेच तत्त्व. त्या एका स्वरावर यंत्रणा अफाट वाजते. त्याच्या आजूबाजूचे स्वर मात्र लंगडे पडतात. पोर्टच्या स्वराखाली गेलं की डब्यातल्या हवेचा कोनवरचा लगाम सुटतो आणि कोन फाटेपर्यंत हालू शकतो. अशा गाडीत ढोलकी लावली तर प्रत्येक थाप एकाच सुरात ऐकू येईल. स्पर्धेतले जुने लोक अशा गाड्यांची ‘एका स्वराची’ म्हणून थट्टा करतात.

विजेचंही तसंच. पाच हजार वॅट हवे असतील आणि अँप्लिफायर ८० टक्के कार्यक्षम असेल, तर बॅटरीतून सव्वासहा हजार वॅट ओढावे लागतात. १३ व्होल्टला ते होतात सुमारे ४८० अँपिअर. साध्या कारचा अल्टरनेटर याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही क्वचित देतो. म्हणून बॅटऱ्यांच्या रांगा लावतात आणि काही सेकंदांत त्या पिळून घेतात. कॉइल तापायच्या आत निकाल लागलेला असतो.

गाडी म्हणून निरुपयोगी, गाणं ऐकायलाही निरुपयोगी. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: हा सगळा धुमाकूळ बंद डब्यात होतो आणि मैदानाबाहेरच्या कोणाला त्याचा फारसा त्रास होत नाही.

डीजेच्या गाडीला छप्पर नाही

गावातल्या रस्त्यावर नेमकं याच्या उलट घडतं. बंद गाडीत खोल स्वर आपोआप वाढतात, कारण लाट गाडीपेक्षा लांब असते आणि आतला दाब सगळीकडे एकसारखा चढतो. उघड्यावर ही फुकटची मदत मिळत नाही. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर आहे. तिला उघड्या हवेत हलवायचं तर प्रचंड मोठा पृष्ठभाग लागतो. म्हणून डीजेवाला हॉफमनच्या नियमातला ‘लहान डबा’ सोडतो. त्याची अख्खी गाडीच डबा होते.

बेसचे डबे एकमेकांना चिकटवून भिंत का रचतात, याचंही कारण आहे. दोन डब्यांतलं अंतर लाटेच्या पाव लांबीपेक्षा कमी असेल तर ते एकाच मोठ्या स्पीकरसारखे वागतात. डबे दुप्पट, वीज दुप्पट, आणि आवाज ३ नाही तर ६ डेसिबलने वाढतो. त्यामुळे मंडळाला ‘आणखी दोन बेस वाढवा’ असं सुचतं ते भौतिकशास्त्राला धरूनच असतं. गाडीची रुंदी वाढते, सांगाडा बाहेर येतो, वरच्या विजेच्या तारांशी गाठ पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत, ही गोष्ट बुकिंगच्या वेळी कोणी काढत नाही.

हिशेबापुरतं एक उदाहरण घेऊ. एका डब्याची क्षमता १ वॅटला ९८ डेसिबल. त्याला हजार वॅट दिले की १२८, कॉइल तापल्याचे ३ वजा केले की १२५. असे आठ डबे एकत्र म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणजे आणखी १८. हिशेबात १ मीटरवर १४३ डेसिबल. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात. ३२ मीटरवर, म्हणजे चार-सहा घरं सोडून, ११३ डेसिबल उरतात. अरुंद गल्लीत भिंतींवरून आवाज परतून येतो, तिथे आणखी जास्त.

मीटरला बेस कमी ऐकू येतो

आता खरी गोम इथे आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक कार्यक्रमांसाठी ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यापैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. रहिवासी भागात दिवसा ही मर्यादा ६५ होते.

पण हे सगळे आकडे ‘ए’ भारांकित डेसिबलचे आहेत. माणसाच्या कानाला हळू आवाजात खोल स्वर कमी ऐकू येतात, म्हणून मीटरमध्ये तसाच गाळणीसारखा हिशेब लावतात. ५० हर्ट्झच्या स्वरातून ही गाळणी थेट ३० डेसिबल वजा करते. वरच्या उदाहरणात प्रत्यक्ष ११३ डेसिबल असलेला बेस मीटरवर फक्त ८३ दिसतो.

हलक्या कुजबुजीसाठी ही गाळणी योग्य आहे. मिरवणुकीसाठी नाही. मोठ्या आवाजात कान खोल स्वरांना इतकी सूट देत नाही, आणि छातीवर बसणारा दणका, थरथरणारे पत्रे, कपाटातली वाजणारी भांडी यांना तर ती गाळणी माहीतच नाही. मराठवाड्यात पत्र्याची घरं खूप आहेत. भिंत जितकी हलकी आणि स्वर जितका खोल, तितका आवाज आरपार जातो. गाण्याचे शब्द दाराबाहेर राहतात, दणका आत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं होतं की खोल स्वर ठळक असतील तिथे ‘ए’ मोजणी अपुरी पडते. आपल्या नियमांत ती अजून तशीच आहे.

तरीही गंमत बघा. इतकी सूट मिळूनही ८३ हा आकडा ६५ च्या वर १८ ने जातो. आणि १८ डेसिबल म्हणजे नेमका आठ डबे आणि एक डबा यांच्यातला फरक. म्हणजे या उदाहरणात, ३२ मीटरवर नियमात बसायचं तर आठ डब्यांच्या गाडीतला एकच डबा वाजवता येईल. त्यात वरचे ‘टॉप’ धरलेलेच नाहीत, आणि मीटर त्यांना कसलीही सूट देत नाही. घर गाडीच्या आणखी जवळ असेल तर तो एक डबाही जास्तच होतो. ‘आम्ही मर्यादेत वाजवू’ हे परवानगीच्या अर्जातलं वाक्य अशा गाडीसाठी जवळपास अशक्य कोटीतलं आहे.

न्यायालयं काय म्हणाली?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्रीच्या बंदीवर आणि मर्यादांवर सविस्तर निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर राज्य सरकारला अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनिव्यवस्था व्यावसायिकांच्या संघटनेने विसर्जन मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बी बंदीविरुद्ध धाव घेतली. राज्य सरकारने विरोध केला आणि न्यायालयाने दिलासा दिला नाही.

(जाता जाता: महाराष्ट्रात मोठ्या साउंडला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये सुरू केलेली कंपनी नावारूपाला आली ती टेपमधली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे.)

२३ जानेवारी २०२५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं. त्यात नागरिकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे: तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी. लहान गावात हा मुद्दा कळीचा आहे. मंडळाचा अध्यक्ष भावकीतला, डीजेवाला शेजारच्या आळीतला, अशा ठिकाणी ११२ वर फोन करणं सोपं नसतं.

बहुतेक डीजेमालक म्हणजे कर्ज काढून गाडी उभी केलेला तरुण असतो. त्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असतो आणि गाडी जप्त झाली तरी हप्ता थांबत नाही. डबे वाढवले नाहीत तर सुपारी दुसऱ्याला जाते. चुरस मंडळं लावतात, डबे तो वाढवतो आणि गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. गाडीमागे तासन् तास उभ्या असलेल्या त्याच्या पोरांच्या कानांचा विषय तर निघतच नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं, ११२ डेसिबलला मिनिटभर, एवढाच दिवसाचा सुरक्षित वाटा आहे, आणि हे आकडेही ‘ए’ मोजणीचेच.

तांत्रिक उपाय आहेत का?

आहेत, पण प्रत्येकाला किंमत आहे. एक उपाय म्हणजे काही बेस उलटे तोंड करून, थोड्या विलंबाने वाजवणं. मागे जाणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि गाडीच्या मागच्या बाजूला आवाज १० ते १५ डेसिबलने घटतो. मोठ्या मैफलींत हे सर्रास करतात. यात साधारण एक तृतीयांश डबे आवाज मारण्यात खर्ची पडतात, आणि पुढच्या बाजूला काही उपयोग होत नाही. गल्लीत तर दोन्ही बाजूंना घरं. चुरशीत उतरलेला कोणी आपले डबे असे ‘वाया’ घालवेल, ही शक्यता कमीच.

दुसरा उपाय २०२५ च्या निकालातच सुचवलेला आहे: यंत्रणेतच डेसिबलची मर्यादा बसवून टाकणं. तंत्राच्या दृष्टीने हे नवीन नाही. डीजेच्या गाडीवर मिक्सर आणि अँप्लिफायरच्या मध्ये जो प्रोसेसर असतो, त्यात लिमिटर आधीपासून असतो. आज तो कॉइल वाचवायला वापरतात, म्हणून मर्यादा स्पीकर जळण्याच्या किंचित खाली ठेवलेली असते. तीच खाली आणून पासवर्डने बंद करता येते. अडचण एका केबलची आहे. मिक्सरची वायर प्रोसेसरमधून काढून थेट अँप्लिफायरला लावली की मर्यादा संपली, आणि हे काम चालत्या गाडीवर अर्ध्या मिनिटात होतं. म्हणून लिमिटरसोबत सील लागतं, सील तपासणारा माणूस लागतो, आणि त्याच्या हातात बेस मोजणारा, ‘सी’ भारांकनावर लावलेला मीटर लागतो. तेच भारांकन ५० हर्ट्झला जेमतेम एक-दीड डेसिबल वजा करतं. चांगल्या मीटरवर ते बटण आधीपासूनच असतं. नियमांत मात्र त्याचा आकडा नाही.